चौऱ्याहत्तर सेकंदांचे ग्रेस मार्क

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा मध्येच थांबून म्हणाली, "आजी, हू इज दॅट गाय विथ हिज हँड्स अप?" माझ्या मागे, फ्रिजशेजारी लावलेला फोटो तिला दिसला होता. मी म्हणाले, सायकलवाले आजोबा, विसरलीस का? नील लांबून ओरडला, "ओह, द ब्रेड गाय!" आणि तेवढ्यात तुमची सॉकरला जायची वेळ झाली.

म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसलं की माझ्या हातून अर्ज होतो. बाबा वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळलं तर मला कळेल, हे त्यांना सांगा.

आधी फोटो. पुढचा माणूस दोन्ही हात हवेत उंचावून रेषा ओलांडतो आहे. ते आमचे शेजारी, पंचवीस वर्षांचे असताना. तोंडावर धूळ इतकी की फक्त दात आणि डोळे दिसतात. त्या दिवशी ते इटलीचे विजेते झाले, रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत. तिथे अशी पद्धत आहे की जो राष्ट्रीय विजेता होतो त्याने वर्षभर प्रत्येक शर्यतीत देशाच्या झेंड्याच्या रंगांची जर्सी घालायची. हिरवा, पांढरा, लाल. फोटोत त्यांच्या मागे दोन सायकलींच्या अंतरावर आणखी एक माणूस आहे. तो खाली मान घालून स्वतःच्या पुढच्या चाकाकडे बघतो आहे. इरा, तू हात वर केलेल्याबद्दल विचारलंस. मीही पहिल्यांदा त्याच्याचबद्दल विचारलं होतं.

तुम्ही वेस्ट विंडसरहून फ्रीमाँटला गेलात तेव्हा नील सहा वर्षांचा होता. त्यामुळे पाव त्याला आठवत असणार. सायकलवाले आजोबा पाव घेत, मधून फोडत, आतला सगळा मऊ भाग बोटांनी उपसून बाहेर काढत आणि फक्त वरचं कडक कवच खात. काढलेला भाग पाखरांना. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हणालेच, अहो, चांगला भाग टाकता आणि साल खाता?

"मऊ भाग पोटात फुगतो, सिन्योरा. चढावर कळतं."

वेस्ट विंडसर पोळपाटासारखं सपाट आहे. चढ म्हणून जर कुठे असेल तर तो कालव्याच्या पुलाचा, तेवढाच. पण पंचविसाव्या वर्षी पोटाला लावलेली शिस्त त्यांनी ऐंशीला टेकल्यावरही सोडली नव्हती. बसता येत असेल तर उभं राहायचं नाही, आडवं होता येत असेल तर बसायचं नाही. गल्लीच्या टोकाशी सगळ्यांच्या टपालपेट्या आहेत, तिथे येताना ते घडीची खुर्ची काखेत घेऊन येत आणि टपाल बसून वाचत. पाय चालण्याबोलण्यात खर्च करायचे नसतात, असं त्यांचं म्हणणं. थंड पाणी नाही. पंख्याखाली बसणं नाही. दर रविवारी पायांवरचे केस काढायचे.

या शेवटच्या गोष्टीची आमच्या गल्लीत बरीच चर्चा होती. समोरची तन्वी, ती न्यूयॉर्कच्या ट्रेनला रोज धावत जाते ती, एकदा मला गाठून म्हणाली, "काकू, एक विचारू? ते आजोबा खरंच पाय शेव्ह करतात? मी काल पाहिलं, यार, माझ्यापेक्षा गुळगुळीत!"

"पडल्यावर जखम धुवायला सोपं जातं," मी म्हणाले.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"मी विचारलं."

"काकू, तुम्ही पण ना! आम्ही दोन वर्षं नुसते अंदाज करतोय."

त्यांच्या गराजमध्ये गाडी नव्हती. तीन सायकली होत्या, आणि तळघरात अंधारात खुंट्यांना लटकवलेले टायर. प्रत्येकाच्या बाजूला खडूने वर्ष लिहिलेलं. नवा टायर लगेच वापरायचा नसतो. तो चार-पाच वर्षं अंधारात जुना होऊ द्यायचा, मग रबर घट्ट होतं आणि काच-खडा लागत नाही. मला हे चटकन पटलं. आपल्याकडे तांदूळ जुना करतात, मी म्हणाले, नव्याचा भात चिकट होतो. त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. या देशात पन्नासहून जास्त वर्षं काढली, म्हणाले, हे समजणारं माणूस आज भेटलं.

ती पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या बाथरूममध्ये फरशा बसवत काढली. इटलीचा विजेता झाल्यावर पुढच्याच हंगामानंतर त्यांनी शर्यती सोडल्या आणि इथे एका चुलतभावाकडे आले. का, ते कोणाला सांगत नसत. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. एक मुलगी, अ‍ॅरिझोनात.

आमची ओळख माझ्या आगाऊपणामुळे झाली. ते टपालपेट्यांपाशी कोणाला तरी सांगत होते की मी दर गुरुवारी ठीक आठला निघतो. मी माझी पेटी उघडता उघडता म्हणाले, "आठ वाजून चार मिनिटांनी. मागचे तिन्ही गुरुवार."

ते वळले. त्यांच्या भुवया पांढऱ्या आणि दाट होत्या, त्या वर गेल्या. मला वाटलं, आता रागावणार.

"सिन्योरा," ते म्हणाले, "तुम्ही काय काम करायचात?"

मी सांगितलं. नागपूरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात, अठ्ठावीस वर्षं. पेपरचे गठ्ठे मोजणं, वेळेवर घंटा देणं, मार्कांची बेरीज दोनदा तपासणं, निकालाचे तक्ते. आणि ग्रेस मार्क. ते काय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एखादा मुलगा काठावर नापास होत असेल तर नियमात बसतील तेवढे मार्क वरून द्यायचे. नियमात बसतील तेवढेच. माझ्या सख्ख्या भाच्याला नियमाच्या वर दोन मार्क हवे होते. मी दिले नाहीत. माझा भाऊ तीन दिवाळ्या आमच्या घरी आला नाही.

हे मी कोणाला सांगत नाही. त्यांना का सांगितलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तुमच्यासारखाच माणूस हवा आहे."

झालं असं होतं की आदल्या हिवाळ्यात ते बर्फावरून घसरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. मुलगी अ‍ॅरिझोनाहून आली, पंधरा दिवस राहिली, आणि म्हणाली, बास, आता घर विका आणि माझ्याकडे चला. ते नाही म्हणाले. खूप भांडण झालं. शेवटी एक करार झाला. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांनी ठरलेली फेरी मारायची: टपालपेट्यांपासून शेताच्या रस्त्याने कालव्याच्या पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, आणि तळ्याच्या बाजूने परत. सोळा किलोमीटर. चाळीस मिनिटांच्या आत आले तर आणखी एक महिना इथे. चाळीसच्या वर एक सेकंद गेला, किंवा एखाद्या महिन्यात निघालेच नाहीत, तर अ‍ॅरिझोना. वेळ तिसऱ्या माणसाने लावायची, कारण मुलीचा बापावर विश्वास नव्हता.

तो तिसरा माणूस मी झाले. मुलगी माझ्याशी फोनवर बोलली. "मॅम, ही विल ट्राय टु चार्म यू," ती म्हणाली. मी म्हणाले, माझ्या नोकरीत तसे बरेच येऊन गेले.

त्यांनी मला एक चावीचं स्टॉपवॉच दिलं, त्यांच्या शर्यतींच्या काळातलं, जाड दोरीला बांधलेलं. मी एक लांबट वही आखली. तारीख, वारा, निघण्याची वेळ, लागलेला वेळ, शेरा. नियम असा की परत आल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघायचं नाही. मी आकडा सांगायचा आणि तोच अखेरचा.

निघण्याआधी ते माझ्याकडे जुनं वर्तमानपत्र मागत. कालचं. ते घडी करून जर्सीच्या आत छातीवर सरकवायचं. उतारावर वारा छातीत शिरतो, म्हणून त्यांच्या काळात सगळे असं करत. आजचं का नको? शाई ओली असते. एकदा घाईत मी आजचं दिलं, तर परत आल्यावर त्यांच्या आतल्या बनियनवर हवामानाचा अंदाज उलटा छापलेला होता. ते आरशात वाचून मला फोन करून म्हणाले, "संध्याकाळी पाऊस आहे, सिन्योरा. कपडे आत घ्या."

अडतीस मिनिटं दहा सेकंद. अडतीस चाळीस. अडतीस पाच, त्या दिवशी वारा पाठीशी होता. असं चालू राहिलं. तो एक गुरुवार आला की महिन्याला आकार येई. आदल्या दिवशी मी घड्याळाला चावी देई, त्यांच्यासाठी साखर घालून भाताच्या वड्या करी (शर्यतीत खिशात भाताच्या वड्या नेतात, हे त्यांनीच सांगितलं, वेलची मात्र माझी), आणि नंतर आम्ही त्यांच्या गराजमध्ये बसत असू. ते टूथब्रशने साखळी घासत आणि मी वहीत नोंद करी. इतर दिवशी ते मला टपालपेट्यांपर्यंत सोबत करत. तुमचे आजोबा गेल्यानंतर आणि तुम्ही गेल्यानंतर असे दिवस असत की संध्याकाळी फोन उचलला की माझा आवाज मलाच घोगरा वाटे, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसे. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं होतं, म्हणून लिहिते.

चालताना त्यांची एक सवय होती. ते माझ्या बरोबरीने चालत नसत. अर्धं पाऊल पुढे आणि नेहमी एकाच बाजूला; मग कोपऱ्यावर वळलो की पटकन दुसऱ्या बाजूला येत. मला आधी वाटलं, कानाने कमी ऐकू येत असेल. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की ते वाऱ्याच्या बाजूने चालतात. वारा बदलला की बाजू बदलतात. मी विचारलं तेव्हा थोडे ओशाळले.

"हे माझं काम नव्हतं कधी," ते म्हणाले. "माझ्यासाठी दुसरा माणूस करायचा."

त्या दिवशी गराजमध्ये त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला फोटो उलटा केला. तोच, जो आता माझ्या फ्रिजशेजारी आहे.

संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याचे मदतनीस. मदतनीसाने पुढे राहून वारा झेलायचा, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. वाऱ्यात पुढे असणारा दमतो, मागचा राखून राहतो. फोटोतला मागचा माणूस त्यांचा मदतनीस होता. त्या दिवशी शेवटचे साठ किलोमीटर दोघंच पुढे निघाले होते, आणि त्यातले पन्नास तरी तो पुढे होता. तरीही तो ताजा आणि हे संपलेले. "मला त्याच्या पाठीवरची शिवण पाठ झाली होती," ते म्हणाले. गावात शिरताना संघाची गाडी शेजारी आली. व्यवस्थापकाने खिडकीतून काही सांगितलं नाही, नुसतं यांच्याकडे बोट केलं.

"शेवटच्या दोनशे मीटरला मी त्याच्या मागे होतो. मला पुढे जाता येत नव्हतं, सिन्योरा. पायात काही नव्हतं. त्याने एकदा मागे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग त्याने ब्रेक दाबला. हलकेच. एवढ्या गर्दीत कोणालाही ऐकू आलं नाही. मला आलं."

मग ते पुढे गेले आणि त्यांनी हात वर केले.

"हात का वर केलेत?" मी विचारलं.

"फोटोवाले होते ना."

वर्षभर त्यांनी ती जर्सी घातली. बरोबरचे सायकलस्वार कोणी काही बोलले नाहीत. पण त्यांना प्रत्येक शर्यतीत तो आवाज ऐकू येत राहिला. त्या मदतनीसाशी ते पुन्हा नीट बोलू शकले नाहीत. त्याच्याकडे बघितलं की लाज वाटे, आणि लाज वाटली की राग येई, त्याचाच. मग वर्ष संपलं, जर्सी दुसऱ्याकडे गेली, आणि हे बोटीत बसले. विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव अजून छापलेलं आहे. ते खोडायला कोणी येत नाही, असं ते म्हणाले आणि पुन्हा टूथब्रश उचलला.

आता माझं सांगते.

नोव्हेंबरचा पहिला गुरुवार. ऑक्टोबरचा आकडा एकोणचाळीस मिनिटं चव्वेचाळीस सेकंद होता, म्हणजे काठावर. त्यातून त्या सकाळी वायव्येचा वारा, परतीच्या सगळ्या रस्त्यावर तोंडावर येणारा. मी म्हणाले, महिना अजून बाकी आहे, करार पुढच्या गुरुवारी पुरा करा. ते म्हणाले, पहिला म्हणजे पहिला. कालचं वर्तमानपत्र छातीत सरकवलं आणि निघाले.

मी टपालपेट्यांपाशी उभी. तळ्याकडचं वळण तिथून स्वच्छ दिसतं. एकोणचाळीस मिनिटं झाली. वळणावर कोणी नाही. एकोणचाळीस तीस. काटा चाळीसवर आला आणि पुढे गेला, आणि रस्ता मोकळाच होता. एक कचऱ्याचा डबा वाऱ्याने आडवा झाला होता, तेवढाच. मग ते दिसले. तोंड उघडं, डोकं एका बाजूला कललेलं, सायकल थोडी इकडेतिकडे जाणारी. पेट्यांना ओलांडून गेले तेव्हा मी कळ दाबली. एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद.

ते खाली उतरले आणि खुर्चीत बसले. धाप लागली होती. घड्याळाकडे पाहिलं नाही, नियमाप्रमाणे. मग म्हणाले, "आल्लोरा? मग, किती?"

मी त्यांच्या घराकडे पाहिलं. त्या खिडकीत संध्याकाळी दिवा लागणार नाही, तळघरात टायर नसतील, गुरुवार हा बुधवारनंतरचा एक वार होईल.

"एकोणचाळीस अठ्ठावन्न," मी म्हणाले.

आणि वहीत लिहिलं. माझ्या त्याच अक्षरात.

मुलांनो, मला त्यांची दया आली म्हणून मी हे केलं असं मला लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. तो गुरुवार मला हवा होता. अठ्ठावीस वर्षांत सख्ख्या भाच्याला दिले नाहीत ते ग्रेस मार्क मी दिले, एका इटालियन सायकलस्वाराला, चौऱ्याहत्तर सेकंद, आणि खरं तर ते मी स्वतःलाच दिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग जर्सीतून वर्तमानपत्र काढून त्याची नीट घडी केली, माझ्या हातात दिलं, "बेने, ठीक," म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत घरी गेले.

तो महिना विचित्र गेला. ते सायकलवर दिसले नाहीत. टपालाला सोबत करत, वाऱ्याच्या बाजूने चालत, पण बोलत कमी. दोनदा मी सकाळी गेले तेव्हा ते फोनवर मोठमोठ्याने इटालियन बोलत होते आणि त्यांनी हाताने मला नंतर या म्हणून खुणावलं. मला रात्री झोप लागेना. वही कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. जणू ती कोणी तपासायला येणार होतं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी आठला मी घड्याळ आणि वही घेऊन उतरले. ते आले ते पायी, साध्या कपड्यांत, कोट घालून, खुर्ची काखेत. खुर्ची उघडून त्यांनी मला बसायला दिली आणि स्वतः उभे राहिले. त्यांना आपण होऊन उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आज नाही निघणार," ते म्हणाले.

"बरं नाही का?"

"बरा आहे. सिन्योरा, मी पेडलचे फेरे मोजतो. मनात. साठ वर्षं मोजतो, बायकोशी बोलतानासुद्धा मोजायचो. त्या दिवशी तळ्यापाशी आलो तेव्हाच मला माहीत होतं की चाळीस होऊन गेली." ते थोडे वाकले. "तुम्ही ब्रेक दाबलात. मला आवाज आला."

मी वही उघडली आणि पेन काढलं. म्हणाले, मी आत्ता दुरुस्त करते, तुमच्या मुलीला मी स्वतः सांगते.

त्यांनी वहीवर पंजा ठेवला. "थांबा. मला सांगू तर द्या, त्या महिन्याचं मी काय केलं."

त्यांनी मदतनीसाला फोन केला होता. नंबर मिळवायलाच आठ दिवस लागले. आधी गावचं चर्च, मग गावचं सायकलचं दुकान. तो ब्याऐंशी वर्षांचा, ऐकू कमी येतं, शेजारी बसून बायको प्रत्येक वाक्य त्याच्या कानात ओरडते. "म्हणजे जे मी कोणाला सांगू शकलो नव्हतो," ते म्हणाले, "ते मी तीनतीनदा ओरडून सांगितलं, त्याच्या बायकोला."

"काय म्हणाले ते?"

"मी म्हणालो, तू ब्रेक दाबलास. तो म्हणाला, मग? तुला काय वाटलं, मला झोप लागली होती?" त्यांना हसू आलं, मग ते थांबलं. "म्हणाला, मला त्या दिवशी पाय होते, तुला नव्हते. दिलं. त्यात पळून जाण्यासारखं काय होतं? आमच्या लग्नाच्या जेवणाला तुझी खुर्ची मांडली होती, गाढवा."

वारा आमच्या उजवीकडून येत होता. ते उजवीकडेच उभे होते.

"तो महिना माझा नव्हता," ते म्हणाले. "माझ्या वेळात मला हे पन्नास वर्षं जमलं नाही. तुमच्या वेळात जमलं. पण दुसरा महिना मी घेणार नाही."

त्यांनी तिथेच मुलीला फोन लावला. म्हणाले, आज मी निघालो नाही. कराराप्रमाणे हरलो. ये. नोव्हेंबरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मुलीने मला फोनवर मागितलं. "मॅम, इज इट ट्रू? ही जस्ट डिडन्ट स्टार्ट?" मी म्हणाले, हो, निघाले नाहीत. ते खरंच होतं.

"आणि वही?" मी नंतर विचारलं.

"मी आहे तोवर राहू दे तसंच. दिलेलं परत करू नये, हे मला फार उशिरा कळलं. पण मी गेल्यावर दुरुस्त करा. एका यादीत माझं नाव खोटं आहे, ते पुरे."

जानेवारीत घर विकलं गेलं. दोन सायकली कोणाला तरी दिल्या. मला हा फोटो दिला आणि एक टायर, खडूने वर्ष लिहिलेला. "अजून तीन वर्षं थांबा," म्हणाले. तो माझ्या कपाटात जुन्या तांदळाच्या डब्यामागे लटकतो आहे. नील, तो तुझा आहे, पण तीन वर्षांनी. मध्ये मागू नकोस.

मला वाटलं होतं, संपलं. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी सकाळी आठला फोन वाजला.

"सिन्योरा, घड्याळाला चावी आहे का?"

मुलीच्या गराजमध्ये त्यांनी रोलर मांडले होते. तीन नळकांडी असतात, त्यांच्यावर सायकल ठेवायची. पेडल मारली की सायकल जागच्या जागी पळते आणि समोरच्या काट्यावर किलोमीटर दिसतात. फोन स्टुलावर ठेवला होता. "व्हिया!" ते ओरडले आणि मी कळ दाबली. मग फक्त घुमणारा आवाज, दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा, आणि अधूनमधून श्वास. आम्ही एक शब्द बोललो नाही. मी स्वयंपाकघरात वही उघडून बसले होते, गॅस बंद, चहा तसाच. सोळा किलोमीटर झाल्यावर ते म्हणाले, "स्टॉप." मी आकडा सांगितला. त्रेचाळीस एकोणीस.

"खरा?"

"खरा."

"ब्राव्हा."

इथे आठ म्हणजे तिथे पहाटेचे सहा, आणि उन्हाळ्यात पाच, कारण त्यांच्या राज्यात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. त्यांनी एकदाही वेळ चुकवली नाही. चव्वेचाळीस दोन. चव्वेचाळीस पन्नास. सेहेचाळीस तीन. करार कोणताच उरला नव्हता, कोणी कोणाकडे जायचं राहिलं नव्हतं. वहीत मी वाऱ्याच्या रकान्यात "नाही" असं लिहीत असे. तन्वी एकदा साखर मागायला आली, मी बोटाने गप्प केलं, तर ती पाच मिनिटं दारात उभी राहून तो आवाज ऐकत होती. "काकू, हे काय आहे?" तिने कुजबुजत विचारलं. मी कागदावर लिहून दाखवलं: सायकल.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारीही बरोबर आठला फोन आला. मी घड्याळ हातात घेऊनच उचलला. मुलगी होती. मंगळवारी दुपारी, झोपेत, ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला तुमचं नाव आहे, म्हणून केला." मी तिला म्हणाले, बरं केलंस. तिने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर पाहिलं तर माझ्या अंगठ्याखाली घड्याळ सुरू झालेलं होतं. कधी दाबलं ते कळलं नाही. मी ते थांबवलं आणि शून्यावर आणलं.

मग वही काढली.

परीक्षा विभागात दुरुस्तीचा एक नियम होता. चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही, खरवडायचा नाही, पांढरा रंग लावायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा. आणि दुरुस्त करणाऱ्याने सही करायची, म्हणजे हे कोणी केलं ते कळतं.

मी एकोणचाळीस अठ्ठावन्नवर पट्टी ठेवून एक रेघ मारली. शेजारी एक्केचाळीस बारा लिहिलं. सही केली. शेऱ्याचा रकाना त्या दिवशी मी रिकामा सोडला होता. त्यात लिहिलं: वारा तोंडावर होता.